मुलांचा कराटे क्लास: फी भरण्याआधी शेवटची रांग बघा

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की फाटकाबाहेर पत्रकं हातात पडायला लागतात. प्रत्येकावर तोच हवेत उडालेला मुलगा, तोच काळा बेल्ट, तेच 'आंतरराष्ट्रीय' आणि खाली 'पहिला आठवडा मोफत'. पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, कुठेही जा, पत्रकं सारखीच. क्लास मात्र सारखे नसतात. एकाच नावाच्या दोन शाखांमध्येही जमीन-अस्मानाचा फरक असतो, कारण एकीत सर स्वतः शिकवतात आणि दुसरीत त्यांचा अकरावीतला ब्राऊन बेल्ट. म्हणून इथे नावानिशी क्लास न घेता शहरात आढळणारे क्लासचे प्रकार घेतले आहेत. कुठे फीचं चीज होतं आणि कुठे पैसे पाण्यात जातात, ते पाहिलं आहे. भर कराटेवर, कारण गल्लोगल्ली तोच आहे. ज्युदो, तायक्वांदो आणि तालीम ओघाने येतील.

मोफत आठवड्यात कुठे बघायचं

कराटेच्या क्लासमध्ये मुलं बेल्टप्रमाणे उभी राहतात. काळे-तपकिरी पुढे, पांढरे मागे किंवा कडेला. बघायला आलेल्या पालकांची नजर साहजिकच पुढे जाते. तिथे किक डोक्याच्या वर जाते, ड्रेसची बाही फटकन वाजते, 'ओस!' एका सुरात येतं. पण ती चार-पाच वर्षं टिकलेली मुलं आहेत. मधेच सोडून गेलेली तिथे दिसत नाहीत. तुमचं पोरगं उद्यापासून शेवटच्या रांगेत उभं राहणार आणि निदान सहा महिने तिथेच असणार. तेव्हा खुर्ची मागे ओढा आणि तासभर तीच रांग बघा.

सर तिथपर्यंत किती वेळा येतात ते मोजा. नव्या मुलाजवळ तासात दोन-तीनदा तरी सर किंवा त्यांचा मदतनीस थांबला पाहिजे, आणि तो थांबल्यावर काहीतरी सुधारलं पाहिजे. 'खाली बस, अजून खाली' असं ओरडून पुढे जाण्याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

झेनकुत्सु-दाची, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय ताठ ठेवण्याची उभं राहण्याची पद्धत, पहिल्याच आठवड्यात शिकवतात. दोन पावलांत रुंदीला खांद्यांएवढं अंतर आणि निम्म्याहून थोडं जास्त वजन पुढच्या पायावर. नवीन मुलांच्या चुका ठरलेल्या असतात. दोन्ही पावलं एका रेषेत येतात आणि तोल जातो. पुढचा गुडघा आत कलंडतो. मागची टाच उचलली जाते. अशा मुलाला 'अजून खाली' म्हटलं की तिन्ही चुका वाढतात आणि काही महिन्यांत गुडघ्याची आतली बाजू दुखायला लागते. चांगले सर इथे मुलासमोर उकिडवे बसतात. 'पावलं रुळांवर ठेव, दोरीवर नको,' म्हणतात. मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आपला तळहात धरतात आणि सांगतात, 'गुडघ्याने माझा हात ढकल.' मूल ढकलतं, गुडघा आपसूक पावलाच्या वर येतो. सर हात काढतात, 'आता असाच ठेव,' म्हणतात आणि पुढच्या मुलाकडे सरकतात. सगळं मिळून वीस सेकंदांचं काम. हे वीस सेकंद ज्या क्लासमध्ये शेवटच्या रांगेत दिसतात, तिथे बाकीच्या बऱ्याच गोष्टी ठीक निघतात.

तसंच मुठीचं. चार बोटं घट्ट दुमडून अंगठा बाहेरून, पहिल्या दोन बोटांच्या मधल्या पेरांवर. मार पहिल्या दोन गाठींनी, मनगट सरळ. अंगठा मुठीच्या आत ठेवणारं एक तरी मूल प्रत्येक नव्या बॅचमध्ये असतं. तशा मुठीने पॅडवर जोरात मारलं तर अंगठा मोडू शकतो. पॅड हातात देण्याआधी सरांनी प्रत्येकाची मूठ बघितली का? आणि माए-गेरी, म्हणजे समोरची किक शिकवताना बोटं वर ओढून चवड्याने मारायला सांगितलं का? बोटं सरळ ठेवून मारलेली किक समोरच्याच्या कोपरावर आदळली की पायाचं बोट सुजलंच म्हणून समजा. कराटेत वरचेवर होणाऱ्या दुखापतींपैकी ही एक आहे आणि ती बहुतेक वेळा टळू शकते.

दुसरी मोजणी घड्याळाची. समजा, वीस मुलं आणि सरांच्या हातात एकच पॅड. प्रत्येकाच्या किकला दहा सेकंद धरले तर मुलाचा नंबर दोनशे सेकंदांनी येतो. दहा मिनिटांच्या सरावात वाट्याला तीन किका, बाकी वेळ रांगेत धक्काबुक्की. तेच दहा पॅड जोड्यांत वाटले तर त्याच दहा मिनिटांत प्रत्येकाच्या शंभर किका सहज होतात. पॅड काही फार महाग नसतात. पाच वर्षं चाललेल्या क्लासमध्ये दहा पॅड नसतील तर फीचे पैसे जातात कुठे, हा प्रश्न रास्त आहे.

साठ मिनिटांचा तास साधारण असा असावा: दहा मिनिटं अंग गरम करणं, वीस मिनिटं किहोन (सुटे ठोसे, अडवणं, किका), पंधरा मिनिटं काता (ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली), दहा मिनिटं जोडीने सराव आणि शेवटी पाच मिनिटं ताण देऊन मोकळं होणं. मिनिटं इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही. मात्र निम्मा तास धावणं, डिप्स आणि उशिरा आलेल्यांच्या शिक्षेत जात असेल, तर तो व्यायामाचा वर्ग आहे. तेवढ्यासाठी सोसायटीचं मैदान पुरतं.

एक प्रश्न सरांना जरूर विचारा. काताकडे बोट दाखवून म्हणा, 'सर, ही हालचाल कशासाठी?' शोतोकान या कराटेच्या घराण्यात बहुतेक ठिकाणी सुरुवातीला हेइआन शोदान हा काता शिकवतात, एकवीस हालचालींचा. त्याची पहिलीच हालचाल डावीकडे वळून खालचा वार अडवण्याची. ज्यांना विषय येतो ते लगेच एखाद्या मुलाला पुढे बोलावून हळू करून दाखवतात. 'पुढे कळेल' किंवा 'हे परंपरेने चालत आलंय' असं उत्तर आलं, तर त्यांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

जमीन

पालक सरांचे मेडल बघतात, जमीन कुणी बघत नाही. पावसाळ्यात शाळेच्या फरशीवर, उन्हाळ्यात सिमेंटच्या अंगणात चालणारे क्लास सर्रास आहेत. नुसतं किहोन आणि काता असेल तर कोरड्या, सपाट, न निसरणाऱ्या फरशीवर चालून जातं. उड्या, पाडणं, फाइट आली की मॅट हवीच.

कराटे-तायक्वांदोसाठी अडीच सेंटिमीटरच्या आसपासची, एकमेकांत अडकणारी मॅट चालते. ज्युदोला चार सेंटिमीटर किंवा जास्त. दुकानातली एक सेंटिमीटरची रंगीत मॅट लहान मुलांच्या खोलीसाठी असते, क्लाससाठी नाही. अंगठ्याने जोरात दाबून बघा. खालची फरशी लागली तर मॅट थकली आहे. दोन तुकड्यांमधल्या फटींवरून पाय फिरवा. फटीत पायाचं बोट अडकलं आणि शरीर वळलं की बोट मुरगळतं, कधी मोडतं. फरशीवर नुसती पसरलेली मॅट सरावात सरकते, म्हणून तिला कडेने लाकडी चौकट हवी किंवा ती भिंतीपर्यंत ठासून बसवलेली हवी. खांब, खिडकीच्या कडा आणि रेडिएटरसारखा बाहेर आलेला एसी यांना फोम गुंडाळलेला असावा.

मॅट रोज पुसली जाते का, कशाने, कोण पुसतं, हेही विचारा. ज्युदो, कुस्ती, बीजेजे (ब्राझिलियन जिउ-जित्सू) यांत अंगाला अंग लागतं आणि गजकर्ण फार लवकर पसरतं. हायपोक्लोराइटचं पातळ पाणी करून रोज पुसणं, बाथरूमला जाताना चप्पल घालणं, नखं कापलेली असणं आणि अंगावर चट्टा असलेल्याला बरा होईपर्यंत घरी पाठवणं, हे चार नियम भिंतीवर नसले तरी चालतील, पाळले जायला हवेत. सगळ्यांनी मिळून वापरायचं एकच हेडगार्ड आणि त्याचा कुबट वास हीही एक खूण.

कौलं आणि ट्यूबलाइट

गॅदरिंगला कौलं फुटतात, ट्यूबलाइट डोक्यावर फुटते, पोटावरून मोटरसायकल जाते आणि टाळ्या पडतात. त्यातलं शिकवण्यासारखं फार थोडं आहे. सुकी, पातळ, मधे फट ठेवून रचलेली कौलं एकापाठोपाठ एक सहज फुटतात. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची वाफ असते आणि काचेचे कण डोळ्यात जातात. मुलांच्या जवळपास तो प्रकार होत असेल तर तो क्लास यादीतून काढा. सिमेंटवर मुठींच्या डिप्सही दहा-बारा वर्षांच्या मुलांना देऊ नयेत, हाडांची वाढ चालू असते. तीच गोष्ट स्प्लिटची. भिंतीला पाठ लावून मुलाचे पाय दोघांनी दोन्हीकडे दाबायचे आणि मूल रडलं की 'स्ट्राँग बन' म्हणायचं, हे अजून चालतं. जांघेतला स्नायू असा एकदा फाटला की महिनोन्महिने त्रास देतो. ताण शरीर गरम झाल्यावर, स्वतःच्या श्वासावर, हळूहळू वाढवायचा असतो.

बेल्टचं गणित

पालक इथे सर्वाधिक फसतात. महिन्याची फी कमी आणि बाकी सगळं वरून, ही नेहमीची रीत. समजा, फी महिन्याला हजार रुपये. वर्षाचे बारा हजार झाले. त्यावर प्रवेश फी, क्लासच्या छापाचा ड्रेस, दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा म्हणजे वर्षाला चार, दोन स्पर्धांची प्रवेश फी आणि प्रवास, मे महिन्यात शिबिर. हे सगळं मिळून फीच्या जवळपास जातं, कधी पुढेही. तेव्हा पहिल्याच दिवशी विचारायचं: 'वर्षाचा सगळा मिळून खर्च किती?' सरळ आकडा देणारे सर मिळाले तर त्यांना तिथेच एक गुण द्या. 'ते मग बघू' म्हणणाऱ्यांकडे मग आपल्यालाच बघावं लागतं.

परीक्षेत सगळेच पास होतात का, हा खरा प्रश्न. आठवड्यातून दोन-तीन दिवस येणाऱ्या मुलाला पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत चार-पाच वर्षं लागणं रास्त आहे. दीड वर्षात काळा बेल्ट देणारा क्लास बेल्टच विकतो. आणि काळा बेल्ट ही शेवटची पायरीही नसते. काळ्या बेल्टच्याही पायऱ्या असतात, त्यांना डॅन म्हणतात. पहिल्या डॅनला 'शोदान' म्हणतात, त्यातल्या 'शो'चा अर्थच सुरुवात. कुणी नापास होतं का, झालं तर पुढे काय करतात, पुन्हा फी घेतात का, हे जुन्या मुलांच्या पालकांना विचारा. क्लास सुटल्यावर स्कूटरजवळ उभे असलेले पालक पत्रकापेक्षा जास्त खरं सांगतात.

ड्रेसबद्दल थोडंसं. नवशिक्यांना आपल्या हवेत हलका, आठ औंसाचा ड्रेस पुरतो. जाड कॅनव्हासचा काताच्या स्पर्धेसाठी. सुती ड्रेस पहिल्या दोन धुण्यांत आटतो, म्हणून एक नंबर मोठा घ्यावा. ज्युदोचा ड्रेस मात्र जाड विणीचाच हवा, कराटेचा ड्रेस पहिल्याच दिवशी खांद्यावर फाटतो.

सरांचे कागद

'ग्रँडमास्टर', 'शिहान', 'सोके' या उपाध्या कुणी स्वतःच लावल्या तर अडवणारं कुणी नाही. कराटेत साऱ्या जगासाठी डॅन देणारी एकच संस्था नाही. शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू, वाडो-र्यू अशा घराण्यांच्या वेगवेगळ्या संस्था आपापली प्रमाणपत्रं देतात आणि क्लासने घरी छापलेलं प्रमाणपत्रही दिसायला तसंच असतं. म्हणून विचारावं: डॅन कुणी दिला, कुठल्या साली, परीक्षक कोण होते, सर आजही कुणाकडे शिकायला जातात का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जे अजून वर्षातून एकदा तरी कुणाच्या हाताखाली उभे राहतात, त्यांच्या शिकवण्यात फरक दिसतो.

तायक्वांदोत तपासणं सोपं आहे. सेऊलच्या कुक्कीवॉनकडून, म्हणजे तायक्वांदोच्या मुख्यालयाकडून, आलेल्या डॅनला क्रमांक असतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना डॅनऐवजी 'पूम' मिळतो, तोही तिथूनच. पहिल्यापासून दुसऱ्या डॅनला एक वर्ष, दुसऱ्यापासून तिसऱ्याला दोन, मग तीन, मग चार, अशी किमान अंतरं आहेत. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत दहा वर्षं तरी. हा हिशेब डोक्यात ठेवून भिंतीवरच्या चौकटींवरची सालं वाचली की बरंच कळतं. ज्युदो, कुस्ती, बॉक्सिंगच्या प्रशिक्षकांकडे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा असेल तर ती चांगली गोष्ट. पण स्वतःची मेडल वेगळी आणि शिकवता येणं वेगळं. राष्ट्रीय पदक मिळवलेले कितीतरी जण पांढऱ्या बेल्टला मूठ धरायला शिकवताना कंटाळतात.

दहावीच्या वाढीव गुणांसाठी पाठवायचं असेल तर आधीच स्पष्ट करून घ्या. ते गुण शासनाच्या यादीतल्या खेळाला, ठरावीक पातळीच्या मान्य स्पर्धांना मिळतात आणि प्रस्ताव शाळेमार्फत, जिल्हा क्रीडा कार्यालयातून जातो. मंगल कार्यालयात भरलेल्या 'ओपन इंटरनॅशनल' स्पर्धेतलं मेडल शोकेसमध्ये शोभतं, गुणपत्रिकेवर येत नाही. ऑलिम्पिकचं स्वप्न असेल तर हेही माहीत हवं: कराटे ऑलिम्पिकमध्ये आला तो टोकियो २०२० मध्ये (प्रत्यक्षात २०२१ साली), आणि २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हता. ज्युदो १९६४ मध्ये आला, तायक्वांदोला पदकाचा दर्जा २००० पासून आहे, कुस्ती-बॉक्सिंग तर जुनेच.

फाइट

पहिल्या महिन्यात फाइट लावणारा क्लास धोक्याचा आणि वर्ष झालं तरी न लावणारा अपुरा. क्रम ठरलेला आहे: आधी पाच पावलांची ठरवून केलेली कुमिते (जोडीने लढत), मग एका पावलाची, मग हळूहळू मोकळी. जोड्या वजन आणि उंची बघून लावाव्यात, बेल्ट बघून नव्हे. दातांचं गार्ड (गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचं), नडगीचं गार्ड, हातमोजे, मुलग्यांसाठी एल-गार्ड (जांघेचं), हे स्वतःचं हवं. हेडगार्डने कातडी फुटत नाही, पण मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही. डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, उलटी झाली, नजर फिरली, तर त्या दिवशीचा सराव तिथेच बंद आणि थेट डॉक्टर. 'काही होत नाही, पाणी पी आणि ये' म्हणणाऱ्या सरांकडे मुलाला दुसऱ्या दिवशी पाठवू नका.

फाइट चालू असतानाही शेवटच्या रांगेवर लक्ष असू द्या. मोठ्या मुलाचा फटका लहानाला जोरात लागल्यावर सर मोठ्याला थांबवतात, की लहानाला 'रडतोस काय' म्हणतात?

दार उघडं आहे का

पालकांनी केव्हाही येऊन बघावं, ही मुभा नसलेला क्लास घेऊ नये. 'मुलांचं लक्ष विचलित होतं' हे कारण पहिल्या आठवड्यापुरतं ठीक. मुली असलेल्या बॅचला स्त्री प्रशिक्षक किंवा मदतनीस, कपडे बदलायला कडीची खोली, आणि हात लावून दुरुस्ती करण्याआधी 'खांदा धरतो' असं सांगण्याची सवय. शिबिराला मुक्कामी नेणार असतील तर सोबत कोण, झोपायची सोय कशी, हे लेखी घ्यावं. यात लाजण्यासारखं काही नाही. चांगल्या सरांना हे प्रश्न अपेक्षितच असतात.

प्रकारानुसार मत

शाळेतला, सुट्टीनंतरचा क्लास: सोयीचा, स्वस्त, पण साठ मुलांमागे एक सर. दहा वर्षांखालच्या नवशिक्यांच्या बॅचमध्ये एकामागे बारा-पंधरा मुलांपेक्षा जास्त असली की शेवटची रांग सुटतेच. मदतनीस दोन-तीन असतील तरच घ्यावा.

सोसायटीच्या क्लबहाऊसमधला: आठवड्यातून दोन दिवस, गुळगुळीत टाइल्स, वरच्या मजल्याची तक्रार म्हणून उड्या बंद. पाच-सहा वर्षांच्या मुलांना शिस्त आणि तोल यांसाठी ठीक. नऊ-दहा वर्षांनंतर कमी पडतो.

स्वतःचा हॉल असलेला कराटे किंवा तायक्वांदो क्लास: फी जास्त, पण मॅट कायमची, पॅड भिंतीला, सकाळ-संध्याकाळ बॅच आणि मोठ्यांचीही एक बॅच. मोठी माणसं जिथे वर्षानुवर्षं टिकून शिकतात तो क्लास सहसा खोटा नसतो, ती मेडलसाठी येत नाहीत. कराटे-तायक्वांदोच्या यादीत हा पहिला. क्योकुशिनचा, म्हणजे पूर्ण जोराने लढणाऱ्या कराटे घराण्याचा, असेल तर आधी कल्पना असू द्या: ठोसे तोंडावर नाहीत, पण छाती, पोट आणि मांडीवरचे फटके पूर्ण जोराने.

ज्युदो: आठ ते चौदा वयाला माझी पहिली पसंती, आणि क्लास मात्र मोजकेच. कारण एकच, पडायला शिकवतात. हनुवटी छातीला लावून बेल्टच्या गाठीकडे बघायचं, श्वास सोडायचा, अंगापासून थोडा दूर पसरलेल्या हाताने तळवा खाली करून मॅटवर थाप. डोकं टेकत नाही, हात टेकून सावरायचं नाही. हात टेकला की मनगट, कोपर किंवा गळपट्टीचं हाड जातं. क्रम असा: आधी झोपून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने, मग जोडीदाराच्या पाठीवरून, आणि सगळ्यात शेवटी फेकलं जाणं. फेकणाऱ्याने समोरच्याची बाही शेवटपर्यंत धरून वर ओढायची असते, म्हणजे पडणाऱ्याचं डोकं वाचतं. नव्या मुलाला पहिल्याच महिन्यात ओसोतो-गारीने, म्हणजे मागून पाय काढून पाठीवर पाडत असतील तर मुलाला तिथून उठवा. डोक्याची मागची बाजू आपटण्याचा धोका या डावात सर्वांत जास्त. पडण्याचा सराव तासातून पंधरा मिनिटं तरी होतो का, तेवढं बघितलं तरी ज्युदोचा क्लास कळतो. सायकलवरून पडतानाही हेच कामाला येतं.

एमएमए (ठोसे, किका, कुस्ती सगळं चालणारी लढत), बीजेजे जिम: फी सर्वांत जास्त. सोळापुढच्यांसाठी चांगली. लहान मुलांची वेगळी बॅच आणि वेगळे सर नसतील तर थांबावं.

तालीम: इथे 'क्लास' हा शब्द चालत नाही आणि सरही नसतात, वस्ताद असतात. कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या जुन्या पेठांत अजून पहाटे हौद खणला जातो. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू कालवतात. ती रोज खणून भुसभुशीत ठेवावी लागते. माती घट्ट बसलेली, खडे लागणारी असेल तर तालीम नावापुरती. फी नाममात्र, खर्च खुराकाचा. जोर-बैठका, सपाट्यांनी अंग कमावलं जातं ते दुसऱ्या कुठे जात नाही. पण स्पर्धा खेळायची तर नऊ मीटर व्यासाच्या गोलातली मॅट लागते आणि तिथे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुणांवर. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्य मिळवलं तेही मॅटवर. तेव्हा तालमीत मातीसोबत मॅटचा सराव आहे का ते विचारा. कान घासून सुजला तर 'पैलवानाची खूण' म्हणून मिरवू देऊ नका. पहिल्या दिवशीच डॉक्टरकडून आतलं रक्त काढून घेतलं तर कान वाचतो.

मर्दानी खेळ: लाठी, दांडपट्टा, विटा (दोरी बांधलेला भाला), फरीगदगा (ढाल आणि काठी). आखाड्यांत फार प्रेमाने आणि बहुधा फुकट शिकवतात. खांदे, मनगट, नजर यांना उत्तम. सरावाच्या पट्ट्याला धार नसावी आणि दोन मुलांमध्ये लाठीच्या दुप्पट अंतर असावं, एवढं बघा.

दोन दिवसांची 'सेल्फ डिफेन्स' कार्यशाळा: पिस्तूल हिसकावणं, चाकू उडवणं शिकवणाऱ्या कार्यशाळेतून उठून यावं. दोन दिवसांत फक्त थोडकं अंगवळणी पडतं. मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन सोडवणं, कारण पकड तिथेच कच्ची असते. अंतर ठेवणं, मोठ्याने ओरडणं, पळणं आणि ११२ लावणं. हेच पन्नास-पन्नास वेळा करून घेत असतील तर पैसे वसूल.

पैसे कसे द्यायचे

वर्षाची फी एकदम भरली की सवलत, हा मोह टाळा. पहिल्यांदा महिन्याची, फार तर तिमाही. मूल आजारी पडलं, सर बदलले, जागा बदलली तर उरलेल्या फीचं काय, हे पावतीवर लिहून घ्या. पावतीच नसेल तर तिथेच थांबा. ड्रेस पहिल्या महिन्यात घेऊ नका, टी-शर्ट आणि ट्रॅक पँटमध्ये सगळं शिकता येतं.

मग तिसऱ्या आठवड्यात एखाद्या पावसाच्या दिवशी, न सांगता, जाऊन मागे उभे राहा. मोफत आठवड्याची झिलई तोवर उतरलेली असते. सर आलेत की मुलांवर मुलंच सोडलीत, ओल्या फरशीवर पोतं टाकलंय की तशीच आहे, पॅड बाहेर निघालेत का. आणि तुमच्या मुलाला सर कशी हाक मारतात ते ऐका. नावाने मारत असतील तर दुसऱ्या महिन्याची फी भरा. 'ए, निळा टी-शर्ट' अशी मारत असतील तर पुढच्या गल्लीतला क्लास बघायला घ्या.